कढईच्या मापाचं झाकण

चकलीचा पहिला घाणा टाकण्याआधी तेल तापत ठेवायचं आणि तेवढ्यात सोऱ्यात पीठ भरून घ्यायचं, ही घरोघरची रीत. घात होतो तो या 'तेवढ्यात'मुळेच. फोन वाजतो, दारात कुरिअरवाला येतो, बाळ रडतं आणि मोठ्या आचेवर कढई एकटी राहते.

तळणीसाठी १७० ते १९० अंश सेल्सिअस तापलेलं तेल पुरतं. सव्वादोनशेच्या आसपास बहुतेक रिफाइंड तेलं धुरकटू लागतात. साडेतीनशेच्या पुढे तर काडीही लागत नाही, तेल आपण होऊन पेटतं. खालच्या ज्योतीने त्याची वाफ त्याआधीही पेट घेऊ शकते. म्हणजे ही आग बहुधा सांगून येते. आधी करपट वास, मग निळसर धूर. त्या वेळी गॅस बंद केला, तर पुढचं काहीच घडत नाही.

माझ्या मावशीला धूर दिसला नाही, जाळच दिसला. तिने सांडशीने कढई उचलली आणि मोरीकडे निघाली. चार पावलं. तेल हिंदकळलं. तिच्या डाव्या हाताची कातडी आजही मनगटापासून कोपरापर्यंत ओढलेली आहे. नळ सोडला असता तर याहून वाईट झालं असतं. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जातं आणि क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची साधारण सतराशे लिटर वाफ होते आणि ती जळतं तेल उसळवून छतापर्यंत नेते. त्यासाठी एक तांब्याही पुष्कळ.

पेटलेली कढई हलवायचीच नाही. बटणापर्यंत हात सुरक्षित पोहोचत असेल तर गॅस बंद करा. मग धातूचं सपाट झाकण किंवा परात ढालीसारखी पुढे धरून, आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर ठेवा. आणि उघडून बघू नका! आत तेल तापलेलंच असतं, हवा मिळाली की पुन्हा भडकतं. ते पूर्ण गार होऊ द्या. कणीक, मैदा टाकू नका, पीठही पेटतं. जाळ कपाटांपर्यंत गेला असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि बाहेरून १०१ किंवा ११२ ला फोन करा.

भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही नको. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढा. भाजणं मोठं असेल तर थेट दवाखाना.

गॅसचा वास आला तर मात्र गोष्ट वेगळी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. दिव्याचं वा पंख्याचं बटण चालू-बंद दोन्ही करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला कळवा.

तळायला उभं राहताना पदर, ओढणी खोचून घ्या, शक्यतो सुती कपडे घाला. आणि यंदा भाजणी दळून आणाल त्या दिवशी गार, रिकाम्या कढईवर एकदा झाकण सरकवून बघा. घरातली सगळ्यात मोठी कढई घ्या. कितीतरी घरांत तेव्हाच कळतं, की तिच्या मापाचं झाकण कधी आणलंच नव्हतं.