नावाआधी माप

जुनी रेसिंग सायकल विकत घ्यायला निघालेल्या माणसानं पाकिटाबरोबर एक व्हर्नियर कॅलिपर न्यावा. विकणारा फ्रेमवरचं स्टिकर दाखवेल, या कंपनीच्या सायकलीवर कोण कुठली शर्यत जिंकला ते सांगेल. ते ऐकून घ्यावं. मग सीटचा बोल्ट सैल करावा, सीटची दांडी ओढून काढावी आणि तिचा व्यास मोजावा. २७.२ मिलिमीटर भरला तर निम्मी परीक्षा तिथेच झाली. इंग्लिश, इटालियन आणि जपानी फ्रेमची सीटखालची नळी सहसा बाहेरून २८.६ मिलिमीटरची असते. तिच्यात २७.२ ची दांडी बसते म्हणजे नळीचा पत्रा तिथे पाऊण मिलिमीटरहूनही पातळ आहे, आणि इतका पातळ पत्रा साध्या पोलादाचा कोणी वापरत नसे. दांडी २५.४ किंवा २६ ची निघाली तर नळी जाड, साधी. स्टिकरवर काहीही असो. हुबेहूब जुनी दिसणारी स्टिकरं आज नवी छापून मिळतात. आधीच्या मालकानं पत्र्याची पट्टी गुंडाळून भलतीच दांडी कोंबलेली नाही ना, एवढं मात्र बघून घ्यायचं.

ज्या सायकलींबद्दल हे चाललंय त्या साधारण १९५० ते १९८७ मधल्या, खाली वळलेल्या हँडलच्या, बारीक टायरच्या पोलादी सायकली. गिअरचे खटके फ्रेमच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या केबल हँडलवरून हवेत कमान करून खाली उतरलेल्या, पायडलला पिंजरा आणि चामडी पट्टा. १९८७ ची रेघ माझी नाही. इटलीत तोस्कानामधल्या गायोले इन किआंती या गावातून १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते, पांढऱ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून. ही रेघ तिच्या नियमांतली. त्याच्या आसपासच्या वर्षांत खटके ब्रेकच्या मुठीत शिरले, बूट थेट पायडलमध्ये अडकू लागले, ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेम आल्या. नव्या सायकली अधिक चांगल्या चालतात, यात वाद घालण्यात अर्थ नाही. पण चार-सहा पाने आणि एक हातोडी घेऊन शेवटच्या छर्ऱ्यापर्यंत उघडता येण्याची सोय जुन्यांतच होती, आणि हा छंद त्या सोयीवर उभा आहे.

आपल्याकडे, म्हणजे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात, जी जुनी सायकल हाती लागते ती बहुधा दुसऱ्या जातीची. काळी, बावीस किंवा चोवीस इंची, ताठ बसून चालवायची: रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स, हंबर. तो छंदही खोल आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स हे संग्रहालय बघून आलात की पटेल. दोन्ही जातींचं नातं मात्र वाटतं त्याहून जवळचं. १९६० मध्ये नॉटिंगहॅमची रॅले कंपनी ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स (टीआय) या ब्रिटिश उद्योगसमूहाकडे गेली. याच समूहानं १९४९ मध्ये मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याबरोबर भारतात सायकलींची कंपनी काढली होती, जिची हर्क्युलिस आपल्याकडे घरोघरी आली. १९८० ची टूर द फ्रान्स योप झूटमेल्क यानं जिंकली ती टीआय-रॅले संघातून. त्याच्या जर्सीवरचं टीआय आणि दूधवाल्याच्या हर्क्युलिसमागचं टीआय एकच.

रेसिंग सायकल शोधायची तर युरोप किंवा अमेरिका. अमेरिकेत १९७० ते १९७२ या दोन वर्षांत सायकलींची विक्री जवळपास दुप्पट झाली. मोठ्या माणसांनी दहा गिअरच्या सायकली घेतल्या, काही वर्षं चालवल्या आणि गॅरेजात टांगल्या. लेकीकडे न्यू जर्सीला तीन महिने राहायला गेलेल्या बाबांना शनिवारच्या गॅरेज सेलमध्ये दिसतात त्या याच. अर्थात त्यांतल्या बहुतेक साध्या आणि अतिशय जड असतात. म्हणून कॅलिपर.

पातळ नळीची मातब्बरी काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. फ्रेमवर ताण येतो तो सांध्यांपाशी. नळीच्या मधल्या भागाला फारसं काम नसतं. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कुटुंबानं १८९७ मध्ये अशा नळीचं पेटंट घेतलं, जी बाहेरून सरळसोट, पण आतून टोकांना जाड आणि मधे पातळ. १९३५ मध्ये त्यांनी मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही नळी आणली आणि पुढली चाळीस-पन्नास वर्षं चांगल्या इंग्लिश आणि फ्रेंच सायकलीवर हा आकडा मिरवला. मिलानच्या कोलंबस कंपनीनं इटालियनांसाठी तेच केलं. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत सायकलपटू एडी मर्क्सनं तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले ती सायकल एर्नेस्तो कोल्नागोनं कोलंबसच्या नळ्यांचीच बनवली होती. वजन सहा किलोच्या आत. अशा नळ्या थेट वेल्ड केल्या तर जळतील, म्हणून त्या पोलादी बाह्यांमध्ये, म्हणजे लगमध्ये, बसवून पितळ किंवा चांदीच्या डाखानं जोडत. पुढे कधी एखादी नळी वाकली तर तोच डाख तापवून जाणकार कारागीर ती बदलू शकतो.

आता कटकटीचा भाग. फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते, जिच्यातून क्रँकचा, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा, एक्सल आरपार जातो, तिला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तिच्या आट्यांवर देशांचं एकमत कधीच झालं नाही. इंग्लिश आटे १.३७ इंचाचे, इंचाला २४, आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा. इटालियन ३६ मिलिमीटरचे, इंचाला तेवढेच २४, पण दोन्ही बाजू सुलट. फ्रेंच ३५ मिलिमीटरचे, एकेक मिलिमीटरच्या अंतरानं, तेही दोन्हीकडे सुलट. रॅलेनं नॉटिंगहॅमच्या कारखान्यात सगळ्यांहून वेगळे, इंचाला २६ आटे पाडले. उलट्या आट्यांमागे कारण आहे: पायडल मारताना आतले छर्रे कपाला हळूहळू उलट दिशेनं फिरवू बघतात, आणि चेनच्या बाजूचा सुलट आट्यांचा कप त्यानं सुटू शकतो. इटालियन आणि फ्रेंच लोक तो कप जीव खाऊन आवळत आणि नशिबावर सोडून देत. तुम्हाला आज तो काढायचा आहे, आणि कुठल्या दिशेला फिरवायचा हे आधी माहीत नसेल तर जोर लावाल तितका तो आणखी घट्ट होईल.

फ्रेंच मंडळींचा हट्ट इथेच थांबत नाही. पायडलचे आटे १४ मिलिमीटरचे, बाकी जगाचे ९/१६ इंची. हँडलची दांडी २२ मिलिमीटरची, बाकीच्यांची २२.२. सीटखालची नळी मुळात २८ ची, त्यामुळे उत्तम ५३१ च्या फ्रेमलाही दांडी २६.४ च्या आसपास लागते आणि सुरुवातीला सांगितलेली परीक्षा फसते. स्ट्राँगलाइट या फ्रेंच कंपनीची क्रँक ओढून काढायला २३.३५ मिलिमीटरचा पुलर लागतो; नेहमीचा २२ चा लावला तर क्रँकचे आटे जातात आणि ती क्रँक मग कायमची तिथेच. ही सगळी मापं गोळा करून, समजावून लिहून ठेवण्याचं मोठं काम मॅसॅच्युसेट्सचे मेकॅनिक शेल्डन ब्राऊन (मृत्यू २००८) यांनी केलं. पेजो पीएक्स-१० ही फ्रेंच सायकल फार देखणी आहे. पहिली म्हणून घेऊ नका.

चाकांचा घोळ त्यामानानं लहान. जुन्या इंग्लिश आणि अमेरिकी बाजारातल्या सायकलींना ‘२७ इंची’ चाकं असत, ज्यांच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ६३० मिलिमीटर. शर्यतीच्या ७००सी चाकाचा ६२२. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे २८ × १½ चा जो टायर टांगलेला असतो तो ६३५ च्या रिमचा. तिन्ही टायर लांबून सारखे दिसतात आणि एकमेकांच्या जागी बसत नाहीत. २७ इंची चाकं काढून ७००सी घालता येतात. रिम ४ मिलिमीटर खाली जाते, तेवढे ब्रेकचे रबर खाली सरकवायला जागा आहे का ते आधी बघायचं.

मग पहिली सायकल कुठली? माझं मत: १९८० ते १९८५ मधली जपानी. मियाता, फुजी, पॅनासोनिक, सेंच्युरियन. आटे सहसा इंग्लिश, डाखकाम नीटस, आणि नावाला इटालियन वलय नसल्यानं किंमत अजून शुद्धीवर. १९८५ च्या प्लाझा या चलनविषयक करारानंतर येन इतका वधारला की अमेरिकी कंपन्यांनी जपान सोडून तैवानची वाट धरली, त्यामुळे हा काळ अचानक संपला. शिमानोच्या भागांमागे दोन अक्षरं कोरलेली असतात, त्यावरून वय काढता येतं: पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६, दुसरं महिन्याचं. एफसी दिसलं तर मार्च १९८१.

जपानी सायकलीवर सनटूरचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारं यंत्र, दिसला तर तो काढून ‘चांगला’ इटालियन कॅम्पाग्नोलो बसवायचा मोह आवरा. कॅम्पाग्नोलोचा न्युओवो रेकॉर्ड हा दागिना आहे. शतकभर टिकेल आणि शतकभर चेन जरा अनिच्छेनंच बदलेल. सनटूरनं १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुज रचनेचं पेटंट घेतलं. या रचनेत चेन ओढणारी चाकी लहान चक्रापासून मोठ्या चक्राकडे जाताना त्यांच्या उतारालाच धरून सरकते, त्यामुळे चाकी आणि चक्र यांतलं अंतर सगळीकडे जवळपास सारखं राहतं आणि गिअर चटकन पडतो. वीस वर्षं ही कल्पना बाकी कोणाला वापरता येत नव्हती. स्वस्तातल्या सायकलीवरचा सनटूर महागड्या युरोपीय डिरेलरहून सरस चाले तो यामुळे. १९८४ मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि शिमानोनं तीच रचना घेऊन तिला प्रत्येक गिअरला ‘टक’ वाजणारा खटका जोडला. बाजार शिमानोचा झाला. सनटूर त्यातून सावरली नाही.

फ्रेम तपासायला दोन मिनिटं पुरतात. पुढच्या नळीच्या लगेच मागे, तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. रंगाखाली बारीक सुरकुती लागली तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे, परत ठेवा. मग दोरा. मागच्या चाकाच्या एका खाचेला बांधून तो पुढच्या नळीवरून वळवून दुसऱ्या खाचेत आणायचा आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. सीटची दांडी काढून सायकल उलटी धरा. गंजाचे पापुद्रे बदाबदा पडले तर पाणी आत साचून राहिलेलं आहे.

आणि दांडी निघतच नसेल तर? पोलादात ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं ओलं राहिलं की दोघं एकमेकांना धरून बसतात. आधी गंजतेल घालून दोन-तीन दिवस वाट बघायची. ॲल्युमिनियम थंडीनं पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, तेव्हा बर्फानं दांडी गार करून बघायची. नळी तापवली तर दांडी उलट अधिक फुगते. शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम खातो, पोलादाला हात लावत नाही, पण रंग उतरवतो, डोळे आणि कातडी जाळतो, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. हे काम मोकळ्या अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून, पोरंबाळं लांब.

बाकीची कामं मजेची आहेत. क्रोमवरचा गंज पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलनं निघतो. फॉइल क्रोमहून मऊ असल्यानं चरे पडत नाहीत. सुटे लोखंडी भाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात रात्रभर ठेवावेत. तेही विषारीच, तेव्हा पुन्हा हातमोजे. हब उघडायचे, जुनं वाळलेलं ग्रीस रॉकेलनं धुवायचं, नवे छर्रे घालायचे: मागच्या हबला दर बाजूला पाव इंची नऊ, पुढच्याला ३/१६ इंची दहा, बॉटम ब्रॅकेटला पाव इंची अकरा. रिमचा आऊट काढायला मात्र पेठेतल्या जुन्या सायकलवाल्याकडे जावं. त्याला कोलंबस माहीत नसेल, पण तारांचा ताण तो बोटानं ओळखतो.

रंगाबद्दल भांडणं होतात. माझा कौल जुन्या रंगाच्या बाजूनं, टवके उडालेला असला तरी. पावडर कोटिंगचा जाड थर लगच्या तासलेल्या कडा बुजवतो, आणि जुन्या इंग्लिश कारागिरांनी, विशेषतः हेचिन्ससारख्यांनी, सगळी हौस त्या कडांवरच केलेली असते.

पैसा वाचवू नये अशा जागा मोजक्याच. ब्रेकचे रबर, सगळ्या केबल, टायर, चेन नवी. क्रोमची पोलादी रिम असेल तर ती ॲल्युमिनियमची करून घ्या; पावसात पोलादी रिमवर ब्रेक दाबला की सायकल थांबायचा विचार करते, थांबत नाही. जुनी फ्रेम बहुधा मोडायच्या आधी वाकते, पण हँडलची ॲल्युमिनियमची दांडी आणि क्रँक काहीच न सांगता तुटतात. कॅम्पाग्नोलोच्या जुन्या क्रँकला चेनचक्राच्या फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात केसासारखा तडा जातो. भिंगातून बघा, सापडला तर क्रँक भिंतीवर लावा. आणि चौकोनी एक्सलवर नव्यानं बसवलेली क्रँक पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये किंचित सैल पडते, तेव्हा त्या दिवशी पाना बरोबर ठेवायचा आणि परतल्यावर दोन्ही बोल्ट पुन्हा आवळायचे.