यंदा होम डेकोरमध्ये काय चालणार? आधी कॅलेंडर बघा, मग माल भरा

मागच्या महिन्यात बॅचमध्ये मंगरूळपीरच्या एका ताईंनी विचारलं, "मॅडम, मुद्रा शिशूचे 50,000 मंजूर झालेत. घरसजावटीचं दुकान टाकतेय. यंदा ट्रेंडमध्ये काय आहे ते सांगा, तेच भरते." व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण कर्जाच्या पैशाचा प्रश्न दोन मिनिटांत सुटत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ट्रेंड शोधायला मोबाइल उघडला की काय दिसतं? पॅन्टोन ही रंगांची अमेरिकन कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते. 2025 साठी तिने 'मोका मूस' म्हणजे कॉफीसारखा तपकिरी निवडला होता. 2026 साठी 'क्लाउड डान्सर', म्हणजे चक्क पांढरा! रीलमध्ये पांढरा सोफा, पांढरे पडदे झकास दिसतात. पण आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचे पाय घरात येतात आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीचा धुराळा. तो पांढरा किती दिवस पांढरा राहणार? तपकिरी मात्र माझ्याकडे अजूनही जातो, कारण त्यावर मळ दिसत नाही. गिऱ्हाइकाने पॅन्टोनचं नावही ऐकलेलं नसतं.

तर वाशिम जिल्ह्यात ट्रेंड ठरवणाऱ्या दोन गोष्टी आहेत: सण आणि सोयाबीन. या दोघांच्या तारखा शेजारीशेजारी लिहून काढा.

यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ होता. त्यामुळे पुढचे सगळे सण मागे सरकलेत. गेल्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला बसले, यंदा 14 सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन गेल्या वर्षी 21 ऑक्टोबरला होतं, यंदा 8 नोव्हेंबरला. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. आता सोयाबीन बघा. जूनअखेर पेरलेलं पीक साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघतं. वर ते वाळवावं लागतं, कारण हमीभाव खरेदीत ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे माल निघाला त्याच दिवशी पैसा हातात, असं होत नाही.

याचा अर्थ काय? गणपती-महालक्ष्म्यांच्या वेळी शेतकऱ्याचा खिसा रिकामाच असणार. बियाणं, खत, फवारणीत पैसा गेलेला असतो. या सणाला लोक खरेदी करतात, पण 100-200 रुपयांची. दिवाळी मात्र यंदा सोयाबीन विकून झाल्यावर येते. अख्ख्या घराचे पडदे, वॉलपेपर, सोफा कव्हर ही मोठी खरेदी तेव्हाची. गणपतीआधी महाग माल भरलात तर एकतर तो पडून राहील, नाहीतर उधारीवर जाईल. मला उधारीची जास्त भीती वाटते.

आता माझी फजिती सांगते. 2018 च्या सुरुवातीला मी थर्माकोलची मखरं घेतली, 38,000 रुपयांची. ऑफ सीझनला स्वस्त मिळतात म्हणून. 23 मार्च 2018 ला राज्य सरकारची प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली. सजावटीला सूट मिळेल या आशेवर मी थांबले. जुलैमध्ये उच्च न्यायालयानेही सूट नाकारली. मखरं गोडाऊनमध्येच राहिली. चूक कुणाची? माझीच. एका सणाला, एकाच कामाला येणाऱ्या मालात मी सगळे पैसे अडकवले होते.

तेव्हापासून मी माल उचलताना विचारते, हा दुसऱ्या सणाला चालेल का? घडीचा लोखंडी स्टँड आणि मागे लावायचं कापड हे त्याचं चांगलं उदाहरण. महालक्ष्म्यांना (पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या) लावा, नवरात्रात लावा, बारशाला, हळदीकुंकवाला लावा. गिऱ्हाईक स्टँड एकदा घेतं आणि कापड बदलायला परत येतं.

डेड स्टॉकचा हिशोबही बघून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. एक वॉल हँगिंग 220 ला घेतलं, 350 ला विकलं. वाटतं, नगामागे 130 सुटले. पण 20 नग घेतले तर गुंतवणूक 4,400. बारा विकले तर हातात 4,200. म्हणजे निम्म्याहून जास्त माल विकूनही अजून घाट्यातच! तेराव्या नगाला भांडवल निघतं. म्हणून नवीन ट्रेंडचा माल पहिल्यांदा सहाच नग आणा. अकोल्याच्या किंवा नागपूरच्या गांधीबागेतल्या होलसेलरकडे कमी नगाला भाव थोडा जास्त लागेल. लागू द्या.

ताईंच्या 50,000 चं मी असं मांडून दिलं: 15,000 चा बारमाही माल, म्हणजे बेडशीट, पायपुसणी, पडद्याचे रॉड. 12,000 गणपती-महालक्ष्म्यांसाठी, तेही ऑगस्टच्या मध्यापर्यंत. 3,000 ट्रेंडच्या हौसेला. उरलेले 20,000 दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही.

दिवाळीत एक अडचण येते, तिची तयारी आत्ताच करा. पावसात रंग वाळत नाही, म्हणून आपल्याकडे रंगकाम दसऱ्यानंतर निघतं. यंदा दसरा 20 ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत एकोणीस दिवस. पेंटर सगळीकडे अडकलेले. भिंतीचा रंग ठरल्याशिवाय बाई पडदा ठरवत नाही, आणि ठरवला की चार दिवसांत पाहिजे असतो. शिलाईवाला तेव्हा तुम्हाला उभंही करणार नाही. सप्टेंबरमध्येच घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्या, वहीत लिहून ठेवा. कापड नंतर निवडू द्या. शिलाईवाल्याशी आजच बोला, आणि गिऱ्हाइकाकडून निम्मा आगाऊ घेतल्याशिवाय कापड कापू नका.

आपल्या जिल्ह्याचा स्वतःचा असा एक ट्रेंडही आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 ला बंजारा विरासत म्युझियमचं उद्घाटन झालं. आरसे आणि कवड्यांचं भरतकाम आपल्याला लहानपणापासून माहीत, पण हल्ली तोरण आणि उशीच्या कव्हरवर ते मागणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे वाढलीत. तांड्यावरच्या बायकांकडून थेट घ्या, मजुरीत घासाघीस करू नका. आणि छापील कापड हातकाम म्हणून विकू नका. इथे गिऱ्हाइकाच्या आजीने स्वतः ते काम केलेलं असतं, ती उलटी बाजू बघून ओळखते.

उन्हाळ्याचे जाड, ऊन अडवणारे पडदे हा वेगळा विषय. त्यावर मार्चमध्ये बोलू. तोवर मंगरूळपीरच्या ताईंनी सहा तोरणं नेलीत, त्यातली चार गेली. बाकीच्या दोनचं काय झालं ते पुढच्या व्हिडिओत त्याच सांगतील.