वावळ वृक्ष ओळखण्याच्या खुणा

वावळ हा पाश्चात्य देशांतील एल्म वृक्षाच्या कुळातील आपल्याकडील वृक्ष होय. त्यास पापडा असेही म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यानांतून फिरताना ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील खुणा ध्यानी घ्याव्यात.

१) साल : राखी रंगाची, जुन्या खोडावर तिच्या खपल्या सुटतात.

२) पान : साधे, लंबगोल व अखंड कडेचे; चुरगळल्यास दुर्गंधी येते. एल्मच्या पानाची कडा मात्र दातेरी असते.

३) फुले व फळे : पानगळीनंतर निष्पर्ण फांद्यांवर बारीक, हिरवट फुले येतात. उन्हाळ्यात चपटी, वाटोळी, पापडीसारखी फळे वाऱ्यावर उडतात. प्रत्येकात एकच बी असते.

करंजाशी याची गल्लत होऊ देऊ नये. करंजाचे पान संयुक्त, बहुधा ५ ते ७ पर्णिकांचे असते व फळ जाड शेंगेचे असते. तेलासाठी करंजाचे बी वेचणाऱ्याने वावळाची फळे गोळा केल्यास त्याचे श्रम व्यर्थ जातात.

वावळाच्या बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. म्हणून ताजे बीच पेरावे. त्याच्या परागकणांमुळे काहींना सर्दी व दम्याचा त्रास होतो. यास्तव हा वृक्ष घर, शाळा वा दवाखान्यालगत न लावता मोकळ्या जागी लावावा.