दिसेल तोच आकडा

सायन्स फेअरचे दिवस जवळ आले की आपल्या घरांमधल्या संध्याकाळी बदलून जातात. तीन घड्यांचा पांढरा पुठ्ठा येतो, प्रिंटरमधून रंगीत आलेख निघतात, आणि रात्री अकरापर्यंत मुलापेक्षा बाबाच जास्त गुंतलेले दिसतात. पुठ्ठा सुरेख होतो यात शंका नाही. पण तक्त्यातल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवून मुलाला "हा तू कसा मोजलास?" एवढंच विचारून पाहा. पुष्कळदा मूल आधी बाबांकडे बघते.

म्हणूनच ॲन आर्बरमधल्या आम्ही काही मराठी पालकांनी एक छोटा उद्योग सुरू केला आहे. महिन्यातून दोन शनिवारी सकाळी चौथी ते सातवीतली दहा-बारा मुलं कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतात आणि आम्ही त्यांना मोजायला शिकवतो. फक्त मोजायला. आम्ही बहुतेक जण एम.एस. करायला म्हणून या देशात आलो आणि मोटारींच्या व्यवसायात स्थिरावलो. दिवसभर मोजमापांशीच गाठ, तेव्हा शनिवारी मुलांसमोर पट्टी धरायला काही जड जात नाही. सामान किरकोळ: लाकडी पट्ट्या, प्लास्टिकची मोजपात्रं, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, दोन थर्मामीटर, दोरी, स्टॉपवॉच आणि प्रत्येकाला एक शिवलेली वही.

तसं या गावाला हाताने शिकण्याची परंपरा जुनी आहे. मिशिगन विद्यापीठाने १८५६ साली इथे केवळ रसायनशास्त्र शिकवण्यासाठी प्रयोगशाळा बांधली. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांमधली अशी ती अगदी सुरुवातीची इमारत. गुरुजींनी प्रयोग करून दाखवायचा आणि विद्यार्थ्यांनी बाकावर बसून बघायचा, ही तेव्हाची सर्वसाधारण रीत. इथे विद्यार्थी स्वतः टेबलापाशी उभा राहिला. ती इमारत १९८१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी आगीत गेली. पुढच्याच वर्षी गावातल्या १८८२ सालच्या जुन्या अग्निशमन केंद्रात हँड्स-ऑन म्युझियम सुरू झालं. तिथे वस्तूंना हात लावायलाच मुलांना बोलावतात. तिकडे मुंबईत १९८१ पासून होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी परीक्षेत वर आलेल्या मुलांना प्रात्यक्षिक द्यावं लागतं. डोक्याइतकाच हातही तयार हवा, हे दोन्हीकडे मान्य आहे.

आता आमच्या बेसमेंटमध्ये काय चालतं ते सांगतो.

पहिला शनिवार पट्टीचा. हसू नका! लाकडी पट्टीची कड झिजलेली असते, म्हणून शून्यापासून न मोजता १ सेंटीमीटरच्या रेघेपासून मोजायचं आणि शेवटी १ वजा करायचा. डोळा रेघेच्या बरोबर वर हवा. तिरकं पाहिलं की आकडा सरकतो. दोन रेघांच्या मध्ये टोक आलं तर त्या जागेचे मनाने दहा भाग करून अंदाजही लिहायचा. प्रत्येकाने एकच टेबल पाच वेळा मोजायचं. पाचही आकडे एकसारखे येत नाहीत, आणि इथेच कुणीतरी हमखास विचारतं, "काका, पण बरोबर उत्तर किती?" त्यावर आमचं ठरलेलं उत्तर: "तुला किती दिसलं? तेच लिही." पाच आकड्यांची सरासरी आणि ते किती विखुरले आहेत, ही दोन्ही मिळून उत्तर होतं. हे पचायला मुलांना दोन-तीन शनिवार लागतात. आईबाबांना जरा जास्त.

दुसरा धडा पाण्याचा. मोजपात्रात पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. कडेला थोडा वर चढतो, मधे खोलगट असतो. वाचायचं ते खोलगट भागाच्या तळाशी. पात्र हातात उचलून डोळ्यांपाशी आणायचं नाही. ते टेबलावरच ठेवून आपण खाली वाकायचं. मग मुलं घरातला 'कप' मोजतात. अमेरिकन कप म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर, पण तीन घरांतले तीन कप आणले की तिन्हींत थोडा-थोडा फरक सापडतो. पाण्याचा एक थेंब केवढा? एक थेंब मोजता येत नाही, म्हणून शंभर थेंब मोजून शंभराने भागायचं. कागदाची जाडी अशीच: पाचशे कागदांचा गठ्ठा साधारण ५ सेंटीमीटर, म्हणजे एक कागद एक दशांश मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याचं वजनही याच युक्तीने निघतं.

तिसरा धडा काट्याचा. काट्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याचीच परीक्षा घ्यायची. अमेरिकन पाच सेंटांचं नाणं टाकसाळीच्या नियमाप्रमाणे ५ ग्रॅमचं असतं, तेव्हा वीस नाणी ठेवून काटा १००च्या किती जवळ जातो ते बघायचं. नंतर एक सेंटची नाणी. ती पाडणं २०२५ मध्ये थांबलं, पण घरोघरच्या बरण्यांत ती मुबलक आहेत. १९८२च्या आधीची आणि नंतरची नाणी वेगळी करून दहा-दहा तोलली की मुलं चमकतात: जुनं नाणं सुमारे ३.१ ग्रॅम, नवं २.५. दिसायला सारखी, आकाराला सारखी, मग वजन कुठे गेलं? १९८२ साली तांब्याच्या जागी आतून जस्त आलं. हे आम्ही आधी सांगत नाही, काटाच सांगतो.

थर्मामीटरचंही तसंच. कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो का, हे आधी बघायचं. उकळत्या पाण्यात मात्र ॲन आर्बरला १०० यायची अपेक्षा धरू नये. गाव समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे पाणी ९९च्या आसपासच उकळतं, पुण्याला ९८ला. पुस्तकात १०० असतं म्हणून मुलं १०० लिहायला जातात. तिथे आम्ही थांबवतो. (उकळत्या पाण्यापाशी मोठं माणूस हवंच, हे सांगायला नको.)

लंबकाने सत्र संपतं. एक मीटर दोरी, खाली नट बांधलेला. स्टॉपवॉच दाबायला हाताला पाचवा हिस्सा सेकंद तरी उशीर होतो. एकच झोका मोजला तर दोन सेकंदांत ही चूक मोठी. वीस झोके मोजले तर चाळीस सेकंदांत ती नगण्य. मोजणी 'एक' पासून नाही, 'शून्य' पासून सुरू करायची, नाहीतर एक झोका हरवतो. भारतातल्या कॉलेजांत याच लंबकावरून 'जी' काढतात. तो ९८०च्या जवळ यायला हवा हे वर्गात सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, आणि जर्नलमध्ये तो फार सुबकपणे तितका येतोही. आमच्या मुलांना आम्ही ९८० सांगतच नाही.

उन्हाळ्यात आजी-आजोबा आले की शनिवारांना बहार येते. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, सोळा पायल्या म्हणजे मण: आजोबा हे घडाघडा म्हणतात आणि मुलं थक्क होतात. भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-मीटर आले, त्याआधीचा हा हिशेब. यातून एकक म्हणजे काय ते मुलांना नीट कळतं: एकक हा सगळ्यांनी मिळून केलेला करार असतो. करार मोडला तर काय होतं त्याचं उदाहरण १९९९चं. मंगळाकडे निघालेलं नासाचं यान त्या सप्टेंबरात नष्ट झालं, कारण एका गटाचे आकडे पौंडांच्या हिशेबात होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून वापरले. म्हणून आमच्या वहीत एककाशिवाय लिहिलेला आकडा धरत नाहीत.

वहीचे आणखी नियम आहेत. पेनानेच लिहायचं. तारीख, कुणी मोजलं, कशाने मोजलं हे आधी. खोडरबर नाही. आकडा चुकला वाटला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला कारण लिहायचं. पालकांची कुरकुर सगळ्यात जास्त या नियमाबद्दल असते. "वही घाण दिसते हो!" दिसू दे. हा नियम आम्ही का सोडत नाही, ते फ्लिंटकडे पाहिलं की कळेल.

फ्लिंट आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी त्या शहराचं पाणी डेट्रॉइटऐवजी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली, आणि पाइप गंजू नयेत म्हणून लागणारी प्रक्रिया केली गेली नाही. जुन्या पाइपांमधलं शिसं नळात उतरू लागलं. शिशाचा तेव्हाचा नियम असा होता: नमुने चढत्या क्रमाने लावले की दहातले नऊ ज्या आकड्याच्या आत येतात, तो आकडा लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. २०१५ साली ७१ नमुने घेतले गेले. त्यातले २ तांत्रिक कारण दाखवून वगळले, आणि १५च्या वर असलेला आकडा ११वर आला. शिवाय नमुना घेण्याआधी नळ काही वेळ सोडून ठेवा, असं लोकांना सांगितलं जात होतं. त्यानेही पाइपमध्ये साठलेलं शिसं आधीच वाहून जातं. कागदावर शहर ठीक होतं.

मग काय झालं? ली-ॲन वॉल्टर्स या तिथल्याच एका आईने आपल्या घरच्या पाण्याचा पाठपुरावा सोडला नाही. व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने फ्लिंटला बाटल्यांचे सुमारे ३०० संच पाठवले आणि अडीचशेहून अधिक भरून परत आले. ते भरले साध्या नागरिकांनी. सहा तास नळ वापरायचा नाही. मग पहिल्याच धारेला मोठी बाटली भरायची, पंचेचाळीस सेकंदांनी दुसरी, दोन मिनिटांनी तिसरी. प्रत्येकीवर चिठ्ठी. यात आमच्या सहावीतल्या मुलीला जमणार नाही असं काहीच नाही. मिशिगन विद्यापीठातच शिकलेल्या, इराकमधून आलेल्या कुटुंबातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीर केले. सरकारी अधिकाऱ्यांनी आधी ते झिडकारले, मग मान्य केले. ऑक्टोबरात शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेलं.

एखादा आकडा वगळणं हे नेहमीच पाप नसतं, हेही मुलांना सांगावं लागतं. धक्का लागला, काटा शून्यावर नव्हता, तर वाचन बाद करता येतं. पण बाद करण्याचं कारण आकडा आवडला नाही हे नसावं, आणि बाद केलेला आकडा वहीत सगळ्यांना दिसत राहिला पाहिजे. एका रेघेचा नियम तो एवढ्यासाठी.

आपली मुलं हुशार आहेत, स्पेलिंग बीपासून गणिताच्या स्पर्धांपर्यंत पुढे आहेत. पण बरोबर उत्तराची घाई आपणच त्यांना लावतो. आमच्या भागात वॉश्टनॉ एलिमेंटरी सायन्स ऑलिंपियाड होतं, त्यासाठीही घरोघर तयारी चालते. तिथे पदक मिळालं तर आनंदच आहे. तरी यंदा पुठ्ठा आणण्याआधी एक वही आणा. मुलाला एकच गोष्ट पाच वेळा मोजू द्या, आणि पाचवा आकडा विचित्र आला तर "पुन्हा कर" म्हणण्याआधी तो लिहून होईपर्यंत थांबा. तुमच्या गावात चार घरं जमली तर शनिवार सुरू करायला एवढं सामान पुरे आहे. खर्च पॉटलकच्या समोशांपेक्षा कमी येतो. आम्ही दोन्ही मोजले आहेत.