सावित्रीच्या काठी महाड

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ रायगड जिल्ह्यातील महाड शहर वसलेले आहे. सावित्री महाबळेश्वर येथे उगम पावून पोलादपूरमार्गे महाडला येते व बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. घाटमाथ्यावरून वेगाने उतरणारे पाणी सखल भागात मंदावते. त्याच वेळी खाडीला भरती असल्यास निचरा अडून पूर चढतो. जुलै २००५ व जुलै २०२१ मध्ये याचा कटू अनुभव आला. २२ जुलै २०२१ रोजी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून वस्ती गाडली गेली. म्हणूनच घर वा शाळेची जागा ठरविताना पूररेषा व डोंगरउतार, आणि अतिवृष्टीच्या दिवसांत भरतीच्या वेळा, परिसरातील ग्रामपंचायतींनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.