फ्लेमिंगो बघायला भिगवणला निघालात? आधी उजनीत पाणी किती आहे ते बघा

डिसेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर भिगवणच्या रील दिसायला लागतात. धुक्यातली होडी, गुलाबी पंखांचा थवा आणि खाली कॅप्शन 'पुण्यापासून फक्त दोन तास'. मग शनिवारी रात्री बेत ठरतो, पहाटे चारला गाडी निघते आणि सात वाजता होडीत बसल्यावर नावाडी सांगतो, "रोहित अजून आले नाहीत. पाणी लई आहे."

रील खोटी नसते, पण ती गेल्या वर्षीची किंवा फेब्रुवारीतली असू शकते. पाणथळ जागेवरचे पक्षी पाण्याच्या हिशोबाने येतात, आपल्या सुट्टीच्या नाही. त्यामुळे सहल ठरवताना पहिला प्रश्न 'कुठे जायचं' हा नसतो, तर 'तिथं सध्या पाणी किती आहे' हा असतो.

महाराष्ट्रातल्या तीन प्रसिद्ध जागा, उजनीचं भिगवण, नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर आणि मुंबईलगतची ठाणे खाडी, यांच्या पाण्याचं गणित वेगवेगळं आहे. ते समजून घेतलं की बेत फसण्याची शक्यता बरीच कमी होते.

भिगवण: पाणी ओसरलं की पक्षी

भिगवण म्हणजे भीमा नदीवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. पुण्याहून सोलापूर महामार्गाने साधारण १०० किलोमीटर. दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावर भिगवण स्टेशनही आहे. पक्षी बघायला लोक जातात ते प्रामुख्याने कुंभारगाव आणि डिकसळ या काठावरच्या गावांत.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो इथं येतात ते चिखलासाठी. हा पक्षी चोच उलटी करून उथळ पाण्यात बुडवतो आणि चिखलपाण्यातून बारीक जीव गाळून खातो. पाय लांब असले तरी खोल पाण्यात त्याला हे जमत नाही. पावसाळ्यानंतर उजनी तुडुंब असते, तेव्हा काठावरचा चिखल पाण्याखाली असतो. पुढे रब्बीची आवर्तनं सुरू होतात, नदीत आणि कालव्यात पाणी सोडलं जातं, पातळी उतरते आणि चिखल उघडा पडतो. मग रोहित येतात.

म्हणून ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेलं राहतं, त्या वर्षी रोहितही उशिरा येतात. जानेवारी ते मार्च हा काळ साधारणपणे भरवशाचा. तरी निघण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. एक, वर्तमानपत्रात किंवा जलसंपदा विभागाच्या आकडेवारीत उजनीची टक्केवारी बघावी. शंभरच्या आसपास असेल तर रोहितांची घाई करू नये. दोन, गावातल्या नावाड्याला फोन करून 'काल काय दिसलं' असं विचारावं. 'पक्षी आहेत का' असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा 'हो' असंच येतं.

रोहित नसले तरी फेरी वाया जात नाही. मध्य आशियात वीण करणारे आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदकं, चमचे, शेकाटे, नदी सुरय असे कितीतरी पक्षी थंडीत इथं असतात. जवळचा भादलवाडी तलाव चित्रबलाकांच्या सारंगागारासाठी, म्हणजे एकत्र घरटी बांधण्याच्या जागेसाठी, ओळखला जातो.

दुपार मोकळी असेल तर उलट्या प्रकारचा अधिवासही बघता येतो. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथल्या गवताळ माळांवर वनविभागाची सफारी आहे. तिची नोंदणी ऑनलाइन होते. चिंकारा, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो. थंडीत माळावर खालून उडत सावज शोधणारे भोवत्ये दिसतात. भोवत्या हा शिकारी पक्षी. तोही हिवाळी पाहुणाच.

नांदूर मध्यमेश्वर: गाळाने घडवलेलं अभयारण्य

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात एक बंधारा बांधला गेला. शंभर वर्षांत त्यामागे गाळ साचत गेला. धरणासाठी गाळ म्हणजे डोकेदुखी, पण इथं त्यातूनच उथळ डबकी, बेटं आणि पाणवनस्पतींची दाटी तयार झाली. १९८६ मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. रामसर म्हणजे पाणथळ जागांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर शहरात तो झाला, म्हणून हे नाव.

इथं होडीवर अवलंबून राहावं लागत नाही. चापडगावच्या बाजूने पायवाटा, निरीक्षण मनोरे आहेत. त्यामुळे लहान मुलं किंवा पहिल्यांदाच पक्षी बघणारे सोबत असतील तर ही जागा सोयीची. जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, कमळपक्षी, बदकांचे थवे हे सगळं काठावरून दिसतं. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. नाशिकहून सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येतं. पुण्याहून यायचं तर मुक्काम करावा. भिगवण आणि नांदूर मध्यमेश्वर एकाच शनिवार-रविवारात उरकायचं ठरवलं तर बहुतेक वेळ गाडीतच जातो.

ठाणे खाडी: इथं कॅलेंडर नाही, भरती बघायची

ठाणे खाडीत मुख्यतः छोटे रोहित येतात, मोठे त्यांच्यासोबत कमी संख्येने. फरक ओळखणं सोपं आहे. मोठ्या रोहितचा रंग पांढुरका आणि चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. छोट्याचा रंग जास्त गडद आणि चोच गर्द लाल, लांबून काळपट दिसणारी. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे.

इथला खरा प्रश्न महिन्याचा नाही, तासाचा आहे. ओहोटीला चिखल दूरवर पसरतो आणि पक्षीही दूर जातात, काठावरून फक्त गुलाबी रेघ दिसते. पाणी चढायला लागलं की ते काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीत चिखलच उरत नाही, तेव्हा थवे नवी मुंबईतल्या तळ्यांवर विसाव्याला जातात. म्हणून काठावरून बघायचं असेल तर पूर्ण भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास धरावेत. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून होडीची फेरी मिळते. तिच्याही वेळा भरतीप्रमाणे बदलतात, त्यामुळे आधी नोंदणी करूनच जावं.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे मित्र मागच्या रविवारी ज्या वेळी गेला होता, त्याच वेळी या रविवारी गेलात तर भरतीच्या जागी ओहोटी मिळण्याची शक्यता जास्त. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, पण कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोबही कामाला येतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अंदाज घ्यायला एवढं पुरतं.

सोबत काय घ्यायचं?

दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर गटात एक तरी असावी. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्यांना दहापटीचा मोह होतो, पण जितकी पट जास्त तितकी हाताची थरथरही जास्त दिसते. हलत्या होडीत तर आठपटच बरी.

कपडे मातकट रंगाचे, डोक्याला टोपी, पहाटेच्या गारठ्यासाठी स्वेटर, पाणी आणि वही. पक्षी ओळखायला मर्लिन ॲप मदत करतं. कोणत्या जागी कोणत्या महिन्यात काय दिसलं याच्या लोकांनी केलेल्या नोंदी ई-बर्डवर मोफत बघता येतात. रीलपेक्षा त्या जास्त विश्वासाच्या, कारण प्रत्येक नोंदीवर तारीख असते.

होडीत बसण्याआधी

लाइफ जॅकेट मागून घ्या आणि ते अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी या मार्गावर प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. पाणी शांत दिसतं म्हणून धोका नाही असं नसतं. वारा सुटला असेल तर फेरी रद्द करा.

दर आधीच ठरवा. आणि त्याच वेळी नावाड्याला एक वाक्य स्पष्ट सांगा: "दादा, पक्षी उडवायचे नाहीत."

हे सांगणं का महत्त्वाचं? उडणाऱ्या थव्याचा व्हिडिओ सगळ्यांनाच हवा असतो. पर्यटक 'अजून जवळ घ्या' म्हणतात आणि नावाडी होडी पुढे घेतो, कारण खूश झालेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं, चार जणांना पाठवतं. पण रोहितला उडण्यासाठी आधी पाण्यावर धावावं लागतं. एका थव्याला सकाळभर दहा होड्यांनी उठवलं तर त्याचा चरण्याचा वेळ जातो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली ताकदही. यातले बरेच पक्षी पुढे कच्छच्या रणात विणीसाठी जातात, पट्टकादंबांना तर हिमालय ओलांडायचा असतो. सारखा त्रास झालेली जागा पक्षी सोडतात. पक्षी गेले की नावाड्याचा हंगामही जातो.

मान वर करून थवा तुमच्याकडे बघायला लागला, चरणं थांबलं आणि सगळे एका दिशेने चालायला लागले, तर तुम्ही फार जवळ आलेले आहात. तिथंच इंजिन बंद करून थांबावं. बऱ्याचदा दहा मिनिटांत पक्षी पुन्हा चरायला लागतात आणि तेव्हाच चांगला फोटो मिळतो. अभयारण्यात विनापरवाना ड्रोन उडवता येत नाही. घरट्याचा फोटो काढलाच तर लोकेशन टाकू नका.

आणि पाणीच आलं नाही तर?

सहल ठरवताना पाणी बघायची सवय लागली की एक गोष्ट लक्षात येते. या जागा टिकणं आपोआप होत नाही. २०२४ मध्ये नवी मुंबईत नेरूळच्या फ्लेमिंगो तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट अडल्याच्या तक्रारी झाल्या, तलाव सुकत गेला आणि भरतीच्या वेळी विसाव्याला येणाऱ्या रोहितांची पंचाईत झाली. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेत ३० हून अधिक रोहित मेले. खाडीचा चिखल आणि शहरातलं तळं हे पक्ष्यांसाठी एकच घर आहे. त्यातली एक खोली बंद झाली तर दुसरी पुरत नाही.

म्हणून सहलीहून आल्यावर काय दिसलं त्याची यादी, तारीख आणि जागा ई-बर्डवर टाका. दहा पक्षी ओळखता आले तर दहाच टाका. एखाद्या तळ्यावर भराव पडायला लागतो, तेव्हा 'इथं पक्षी येतात' हे सिद्ध करायला अशाच नोंदी कामी येतात.

सुरुवात कधी करायची असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्लींचा जन्मदिन आणि १२ तारीख डॉ. सालिम अलींचा. या आठवड्यात ठिकठिकाणी जाणकारांसोबत पक्षीनिरीक्षण असतं. पहिली फेरी घराजवळच्या तळ्यावर मारा. भिगवणला मात्र उजनी थोडी उतरल्यावर निघा.