पृथ्वी गोल की सपाट? मोबाईल खाली ठेवा, तुरीचा दाणा हातात घ्या

जळगाव : "पृथ्वी गोल नाही, सपाट आहे. शाळेत खोटं शिकवतात," असं सांगणारे व्हिडिओ हल्ली गावागावांतल्या ग्रुपवर फिरतात. पारावर, चहाच्या टपरीवर त्यावरून वादही रंगतात. एक जण अवकाशातून काढलेला फोटो दाखवतो, दुसरा म्हणतो, "फोटो काय, कोणीही बनवतं." तिथेच बोलणं खुंटतं.

खरं तर या वादाचा निकाल लावायला कुणाच्या फोटोची गरज नाही. सूर्य आणि चंद्र आपल्या अंगणातूनही दिसतात. फक्त एक पद्धत पाळायची. आधी दोन्ही बाजूंना विचारायचं, "तुमचं खरं असेल तर काय दिसायला पाहिजे?" मग बाहेर जाऊन बघायचं.

सपाटवाल्यांचं म्हणणं काय?

त्यांच्या मते पृथ्वी म्हणजे भाकरीसारखी चपटी चकती. मधोमध उत्तर ध्रुव आणि कडेला बर्फाची भिंत. सूर्य-चंद्र लहान आहेत आणि साधारण ५ हजार किलोमीटर उंचीवरून चकतीवर गोल गोल फिरतात. सूर्य मावळत नाही, नुसता लांब जातो, म्हणून रात्र होते.

हे म्हणणं नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी तपासणी यावरच आहे.

या गोष्टींनी वाद मिटत नाही

गोल पृथ्वीच्या बाजूने बोलणारेही कधी कधी कच्चा पुरावा देतात. उदाहरणार्थ, नागपूरला सूर्य जळगावच्या आधी साधारण १४ मिनिटं उगवतो. हे खरं आहे. पण सपाटवाला म्हणेल, "बरोबर, सूर्य आधी तिकडे पोचतो."

सावलीचंही तसंच. ६-७ मेच्या सुमारास कोल्हापुरात भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच वेळी जळगावात १०० सेंटीमीटरच्या काठीची सावली साधारण साडेसात सेंटीमीटर पडते. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो २५ मेच्या आसपास, दुपारी १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास. इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने सुमारे २२०० वर्षांपूर्वी अशाच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला होता. जळगाव-कोल्हापूरचं दक्षिणोत्तर अंतर धरून आपणही काढला तर ४० हजार किलोमीटरच्या आसपास येतो.

पण सूर्य जवळ आहे असं मानलं, तर सपाट जमिनीवरही दोन ठिकाणच्या सावल्या वेगळ्या पडतील. म्हणजे नुसत्या दोन काठ्यांनी निकाल लागत नाही. जिथे दोन्ही बाजूंची उत्तरं वेगळी येतात, अशीच परीक्षा घ्यायला हवी. अशा तीन परीक्षा खाली दिल्या आहेत.

परीक्षा पहिली : तुरीचा दाणा

पौर्णिमेला चंद्र उगवला की हात पूर्ण लांब करा. एक डोळा मिटा आणि चिमटीत तुरीचा दाणा धरून चंद्रावर आणा. साधारण साडेपाच मिलिमीटरचा दाणा चंद्र झाकायला पुरतो. उगवताना चंद्र परातीएवढा वाटतो, तरीही पुरतो. मध्यरात्री चंद्र डोक्यावर आला की तोच दाणा पुन्हा धरा. माप तेच.

आता हिशोब बघा. चंद्र ५ हजार किलोमीटर उंचीवर असता, तर डोक्यावर असताना तो जवळ आणि उगवताना-मावळताना खूप लांब असता. गावाबाहेर जाणाऱ्या एसटीचे दिवे लहान होत जातात, तसा तो क्षितिजाजवळ निम्म्याहूनही लहान दिसला असता. तसं होत नाही, कारण चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे. इतक्या अंतरापुढे आपल्या बाजूचा फरक डोळ्याला कळतच नाही.

सूर्याचंही माप घेता येतं, पण सूर्याकडे थेट बघू नका. आरशावर कागद चिकटवा आणि कागदाला ५ मिलिमीटरचं भोक पाडा. १० मीटर लांबच्या, सावलीतल्या भिंतीवर समोरून कवडसा पाडा. गोल कवडसा साधारण ९ ते १० सेंटीमीटरचा येईल. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेवढ्याच अंतरावरून मोजा. सूर्य लांब जात असता तर संध्याकाळी कवडसा बारीक झाला असता.

परीक्षा दुसरी : २१ मार्च आणि २३ सप्टेंबर

या दोन तारखांच्या आसपास दिवस-रात्र जवळपास सारखे असतात. सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो, हे सपाटवालेही मानतात. त्या दिवशी पहाटे मोकळ्या शेतात जा. मोबाईलमधलं होकायंत्र लावा. जवळ ट्रॅक्टर किंवा लोखंडी खांब नको.

सपाट चकतीवर हिशोब केला तर सकाळी ६ वाजता सूर्य आपल्यापासून साडेबारा हजार किलोमीटर लांब येतो. तो पूर्वेपासून ३५ अंशांहून जास्त उत्तरेकडे, म्हणजे जवळपास ईशान्येला दिसायला हवा. शिवाय त्याची उंची ५ हजार किलोमीटर धरली तर तो क्षितिजाच्या वर २० अंशांहून जास्त हवा. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की २० अंश होतात.

प्रत्यक्षात सूर्य त्या दिवशी नेमका पूर्वेला, जमिनीला चिकटूनच वर येतो. संध्याकाळी नेमका पश्चिमेला बुडतो. बुडताना आधी खालची कड जाते, मग वरची. नुसत्या लांब जाणाऱ्या वस्तूला खालून कोणी कापत नाही. चकतीच्या हिशोबात सूर्योदयही बसत नाही आणि सूर्यास्तही.

परीक्षा तिसरी : ग्रहणाची सावली

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण झालं. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सावली चंद्रावर चढायला लागली. ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण झाकला होता. ज्यांनी मोबाईलवर फोटो काढले असतील, त्यांनी पुन्हा उघडून बघावेत. सावलीची कड वाकडी, गोलाईची दिसेल.

चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं, कारण तेव्हाच पृथ्वी सूर्य आणि चंद्राच्या मधे येते. ती सावली पृथ्वीची आहे, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहून ठेवलं.

आता घरातलं ताट घ्या आणि बॅटरीपुढे धरा. समोरून धरलं तर सावली गोल, आडवं केलं तर काठीसारखी. मग चेंडू धरा. कसाही फिरवा, सावली गोलच. ग्रहण संध्याकाळी लागो, मध्यरात्री लागो की पहाटे, पृथ्वीची सावली दर वेळी गोलच पडते. हे ताटाला जमत नाही.

मग शेत सपाट का दिसतं?

"मला तर सगळं सपाट दिसतं" असं म्हणणारा माणूस वेडा नाही. तो स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतोय. चूक एवढीच की त्याने फार लहान तुकडा पाहिला. एक एकराच्या चौरस शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत पृथ्वीचं वळण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरतं. नांगराच्या तासात ते कुठे दिसणार?

याचं उत्तर भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी' ग्रंथात दिलं आहे. मोठ्या वर्तुळाच्या घेराचा छोटासा भाग सरळच भासतो, म्हणून माणसाला पृथ्वी सपाट वाटते, असं त्यांचं म्हणणं. हे नाव आपल्या जिल्ह्याला परकं नाही. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात आहे.

याने पोट भरतं का?

पृथ्वी गोल असो की सपाट, कपाशीला भाव तोच मिळणार, असं कुणी म्हणेल. पण ज्या मोबाईलवर हा व्हिडिओ येतो, त्याच मोबाईलवर 'एका फवारणीत बोंडअळी गायब', 'अमुक बियाणं दुप्पट उतारा देतं', 'लिंक दाबा, अनुदान मिळवा' असे मेसेजही येतात. तिथे चूक झाली तर हंगाम जातो, नाहीतर बँकेतला पैसा.

तिथेही हीच पद्धत चालते. हे खरं असेल तर काय दिसायला पाहिजे? ते कुठे तपासता येईल? बियाणं असेल तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजता येतं. फवारणी असेल तर दोन ओळींवर करून, शेजारच्या दोन ओळी तशाच सोडता येतात.

घरातल्या पोराने विचारलं, "पृथ्वी सपाट आहे का?" तर त्याला रागावू नका आणि नुसतं उत्तरही सांगू नका. येत्या पौर्णिमेला त्याच्या हातात तुरीचा दाणा द्या.